शिडाच्या होडीवरील सोबती आधीच ओळखून घ्या

पावसाळा सरून ऑक्टोबर उजाडला, किंवा बारावीच्या परीक्षा आटोपून मुले मोकळी झाली, की नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील वाचकांकडून एक पृच्छा न चुकता येऊ लागते. शिडाची होडी चालविण्यास शिकविणाऱ्या एखाद्या सुटीतील वर्गात नाव घातलेले असते, बयाणा भरलेला असतो, रेल्वेचे आरक्षणही हाती असते. आणि मग एके दिवशी त्याच होडीवर येणाऱ्या चार-पाच अपरिचित माणसांची यादी संस्थेकडून येते व ती वाचून मन साशंक होते. हे लोक कोण, यांच्याशी आधी बोलावे की जे होईल ते पाण्यावरच होऊ द्यावे, बोलावयाचे तर काय विचारावे, आणि मन बसले नाही तर पैशांचे काय, असे ते प्रश्न असतात.

जे पोहणे पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत शिकले आणि ज्यांच्या दृष्टीस पडलेले सर्वांत विस्तीर्ण पाणी विष्णुपुरीचे किंवा धनेगावच्या मांजरा धरणाचे, त्यांना ही शंका यावी यात नवल नाही. आपण सोबत्यांशी स्नेह जोडण्यासाठी धडपडू नये, तो जुळायचा असेल तर होडीवर जुळेल. परंतु निघण्यापूर्वी प्रत्येकाविषयी पाच-सहा गोष्टींची पक्की खातरजमा मात्र केलेली असावी, हे माझे मत मी आरंभीच नोंदवून ठेवतो.

होडी कोणती, हे प्रथम पाहा

किती ओळख हवी, हे होडीच्या जातीवर अवलंबून असते, आणि वाचकांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो येथेच.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना सर्वांत जवळचे शिकण्याजोगे पाणी मुंबईचे नसून हैदराबादचे आहे. १५६३ साली बांधलेल्या हुसेनसागरावर २००९ पासून यॉट क्लब ऑफ हैदराबाद ही संस्था काम करीत आहे, आणि मुंबईचा समुद्र खवळलेला असतो त्या जुलै महिन्यातच तेथे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा सप्ताह भरतो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना १९४८ पूर्वीच्या संस्थानी अमदानीमुळे दखनी बोली परकी वाटत नाही, हा एक जुना लाभ येथे अनपेक्षितपणे पदरात पडतो. तलावावर शिकविण्यासाठी वापरतात त्या होड्या बहुधा एकट्याच्या किंवा दोघांच्या असतात. एकट्याच्या होडीत सोबत्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोघांच्या होडीत मात्र तो सर्वांत तीव्र असतो, कारण ही होडी उलटते, किंबहुना शिकताना ती मुद्दाम उलटवून दाखवितात. तिच्या पोटातून खाली पाण्यात उतरणारी जी फळी असते तिच्यावर एकाने भार देऊन उभे राहावयाचे, दुसऱ्याने आत सरकून होडीबरोबर वर यावयाचे, अशी ती सरळ करण्याची रीत आहे. तेथे सोबती घाबरून आपल्या गळ्याला मिठी मारणारा निघाला, तर त्याचा स्वभाव कितीही गोड असला तरी उपयोग काय?

मुंबईच्या बंदरात, गेटवेच्या आसपास, शिकविण्याचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो, आणि तेथे तळाला जड कणा असलेल्या, सहसा न उलटणाऱ्या होडीत शिक्षकासह चार-पाच जण बसतात. रात्री आपण आपल्या मुक्कामाच्या खोलीत परततो. येथे मध्यम ओळख पुरते.

तिसरा प्रकार होडीवरच राहून शिकण्याचा. परदेशी जाणारे वाचक बहुधा हाच वर्ग घेतात. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘कॉम्पिटन्ट क्रू’ हा वर्ग साधारणतः पाच दिवसांचा असतो व त्यात एका शिक्षकामागे पाचांहून अधिक विद्यार्थी नसतात. सहा माणसे, एक लहानसे स्वयंपाकघर आणि एक किंवा दोन शौचकूप एवढ्या सामग्रीवर दिवस काढावयाचे असल्याने येथे आधीची ओळख अनिवार्य समजावी.

बयाणा भरण्यापूर्वी संस्थेला विचारा

- माझ्या होडीवर एकूण किती विद्यार्थी असतील, आणि शिक्षक एकच होडी सांभाळतो की दोन?
- त्यांची वये साधारण काय, पूर्वी कोणी शीड हाताळलेले आहे काय?
- शिकविण्याची भाषा कोणती?
- महिला विद्यार्थी किती, आणि महिला शिक्षिका आहेत काय?
- पोहता न येणाऱ्यास घेता काय, घेत असल्यास त्याच्यासाठी वेगळी तजवीज कोणती?
- सोबती बदलून मागण्याची मुभा आहे काय, आणि कोणत्या दिवसापर्यंत?

संस्थेने इतरांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक परस्पर देऊ नयेत, हेच योग्य होय. तेव्हा ‘माझा क्रमांक त्यांना द्या, त्यांची संमती असल्यास ते बोलतील’ असे कळवावे. जी संस्था वरील प्रश्नांना ‘या तर खरे, सगळे होऊन जाईल’ एवढेच उत्तर देते, तिच्याकडे पैसे भरू नका.

पहिला निरोप

सोबत्यांच्या मोबाईलवरील समूहात सुप्रभाताची चित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांचा वर्षाव सुरू झाला, की कामाची गोष्ट त्याखाली गाडली जाते, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून पहिला निरोप आपण स्वतःच लिहावा, तो स्वतःविषयी असावा आणि त्यात आपले उणे प्रथम सांगावे. म्हणजे इतरांसही तसे लिहिण्याचे धैर्य होते. नमुना पुढीलप्रमाणे :

‘नमस्कार. मी लातूरहून येतो आहे, वय ४६. विहिरीत पोहतो, समुद्रात कधी उतरलो नाही. घाटात बस लागते. वजन ८२ किलो, गुडघा थोडा दुखतो, त्यामुळे वाकून काम करावयास वेळ लागेल. एका कानाने कमी ऐकू येते, तेव्हा माझ्याशी बोलताना उजव्या बाजूला उभे राहावे. शाकाहारी आहे, इतरांनी काय खावे याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पहाटे उठतो, रात्री नऊनंतर निकामी. आपले कळवावे.’

यातील एकही वाक्य शिष्टाचारापुरते नाही. वजन सांगण्यास संकोच वाटतो खरा. पण दोघांच्या होडीत दोघांचे मिळून वजन फारच कमी भरले तर जोराच्या वाऱ्यात ती कलू लागते व आवरत नाही, आणि फार भरले तर मंद वाऱ्यात ती रेंगाळते, म्हणून शिक्षक जोड्या लावताना हे विचारतातच. ऐकू येण्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. होडी वाऱ्यातून वळते तेव्हा शिडाच्या खालची आडवी काठी, जिला सर्वत्र बूम म्हणतात, ती एका बाजूकडून दुसरीकडे झपाट्याने जाते, आणि ‘डोके खाली’ ही हाक ज्याच्या कानी पडली नाही त्याचे कपाळ फुटते.

भेटावयाचे तर पाण्याकाठी भेटा

सोबत्यांपैकी कोणी आपल्याच जिल्ह्यातील किंवा शेजारच्या जिल्ह्यातील निघाले, तर प्रत्यक्ष भेट अवश्य घ्यावी. नांदेडकर आणि लातूरकर यांना अहमदपूर हे सोयीचे मध्यस्थान आहे व चहाही तेथे उत्तम मिळतो. परंतु चहाच्या टेबलावर कळणारी माणसे आणि पाण्यात कळणारी माणसे यांत पुष्कळ अंतर पडते. म्हणून भेट जलतरण तलावावर ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवितो. तेथे शिक्षकाच्या देखरेखीखाली अंगावर साधे कपडे घालून पाण्यात उतरावे, पाठीवर निवांत तरंगून पाहावे, आणि जीवरक्षक जाकीट मिळाल्यास ते घालून एकमेकांना काठापर्यंत ओढून न्यावे. विहिरीत सूर मारणारा पट्टीचा पोहणारासुद्धा जाकीट घातले की गोंधळतो, कारण त्याला बुडी मारता येत नाही आणि हात मोकळे चालत नाहीत. हा अनुभव पहिल्या दिवशी भर समुद्रात घेण्यापेक्षा आधी घेतलेला बरा.

बरोबर दोराचे हातभर लांबीचे दोन-तीन तुकडे असावेत. सरगाठ आणि निरगाठ आपल्या शेतकरी घरांत कोणाला सांगावी लागत नाही. पण होडीवर लागणारी न सरकणारी फासगाठ, बोलाइन, ही आधीच हातात बसलेली असली तर पहिला अर्धा दिवस वाचतो. आळीपाळीने एकाने बांधावी व दुसऱ्याने सोडावी. चुकल्यावर कोण चिडतो, कोण हसतो आणि कोण दुसऱ्याच्या हातातून दोर हिसकावून घेतो, ते या खेळात निमूटपणे पाहून ठेवावे.

ज्यांना अशी भेट शक्य नाही त्यांनी निदान प्रवास एकत्र करावा. नांदेडहून मुंबईस जाणारी तपोवन एक्सप्रेस दिवसाची गाडी आहे. रात्रीच्या गाडीत जो तो चादर ओढून झोपतो, दिवसाच्या गाडीत मनमाड येईपर्यंत माणूस बराचसा उलगडलेला असतो. लातूरकरांना रात्रीच्या गाडीवाचून बहुधा गत्यंतर नसते, त्यांनी आरक्षण तरी एकाच डब्यात करावे.

मानापमानाचा प्रश्न आधीच मिटवून टाका

या मुद्द्यावर मी थोडे अधिक रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागातील वयस्क शिक्षणार्थींचे सहल-सौख्य ज्या गोष्टीने सर्वांत जास्त नासते ती लाट किंवा उलटी नसून मान होय. आपल्याकडे पन्नाशीतील गृहस्थ हे कोणाचे तरी काका असतात, कोणाचे सर असतात, कोणाचे साहेब असतात, किमान कोणाचे तरी भाऊ असतातच. आणि होडीवरचा शिक्षक मात्र बहुधा पंचविशीतला, उन्हाने रापलेला, अर्धी चड्डी घातलेला तरुण असतो, जो वारा बदलताच ‘सोड! खेच! डोके खाली!’ असे एकेरीत ओरडतो. त्या क्षणी ‘साहेब, कृपा करून दोर सैल करावा’ असे म्हणण्याइतका अवकाश वाऱ्याने ठेवलेला नसतो. कोळ्यांच्या गलबतावर तांडेल असतो, त्याचा शब्द मालकही मोडीत नाही. शिकण्याच्या होडीवर शिक्षक हाच तांडेल होय, मग आपण आपल्या गावी तहसीलदार असा वा मुख्याध्यापक असा.

तेव्हा सोबत्यांशी पुढील गोष्टी अगोदर उघडपणे बोलून घ्याव्यात :

१. होडीवर सर्वांना लहान नावाने हाक मारावी, काका-सर-साहेब ही बिरुदे किनाऱ्यावर ठेवावीत.

२. आज्ञा ऐकताच ती मोठ्याने उलट म्हणावी, म्हणजे ती पोचली हे सांगणाऱ्यास कळते.

३. शिक्षक एकाला सांगत असता दुसऱ्याने तीच गोष्ट आपल्या शब्दांत समजावू नये. हा दोष आमच्या मराठवाड्यात फार.

४. सुकाणू हाती धरण्याची पाळी प्रत्येकाची समान. ज्याला भीती वाटते त्याने आपली पाळी सोडावी, पण ती कोणाला द्यावयाची हे शिक्षक ठरवील.

चौथ्या कलमाविषयी विशेष दक्षता घ्या. समूहात ज्याने सर्वांचे आरक्षण केले, जो सर्वांत मोठ्याने बोलतो, तोच बहुधा सुकाणूवर ठाण मांडतो. आणि महिला व किशोर यांच्या वाट्याला दोर गुंडाळणे आणि छायाचित्रे काढणे एवढेच उरते. पैसे सर्वांनी सारखे भरलेले असल्यामुळे हे सोसण्याचे काहीच कारण नाही.

आप्तांबरोबर जाणाऱ्यांस दोन शब्द

पिता-पुत्रांनी दोघांच्या होडीत एकत्र बसू नये. नीटच्या परीक्षेनंतर मुलाला विरंगुळा म्हणून नेणारे लातूरचे पालक तेथेही शिकवणी सुरू करतात, आणि मुलगा शिडाऐवजी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. पती-पत्नींनी पहिला दिवस तरी वेगळ्या होड्या मागाव्यात.

रात्रही होडीवरच काढावयाची असेल तर

भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतल्या, त्यापूर्वी त्यांनी दीर्घ काळ एकत्र शिक्षण घेतले होते व मॉरिशसपर्यंतच्या सफरी एकत्र केल्या होत्या. त्यांना तयार करणाऱ्यांत कॅप्टन दिलीप दोंदे होते, ज्यांनी स्वतः २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने प्रदक्षिणा केली असल्याने सोबत्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता तरी नव्हता! ११ सप्टेंबर २०२५ रोजी लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही दलांतील दहा महिला अधिकारी ‘त्रिवेणी’वरून मुंबईहून निघाल्या, त्याही प्रथम लहान सफरींवर एकत्र घडलेल्या होत्या. निष्णात माणसेही आधी एकत्र वावरणे टाळीत नाहीत. आपली सफर पाच दिवसांची असेल, पण जागा तितकीच अरुंद असते.

निघण्यापूर्वी पुढील गोष्टींवर एकमत करावे.

*पाणी.* टाकीतील गोडे पाणी मोजके असते. स्नान म्हणजे तांब्याभर पाणी आणि ओला पंचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी लातुरात घागरीघागरीने पुरविले, त्यांना ही शिस्त मी सांगण्याची आवश्यकता नाही. किंबहुना होडीवर पाण्याचा कारभार लातूरकराकडेच सोपवावा.

*अन्न.* माळकरी कोण, एकादशी कोणाची, उपवास कोणते, हलालचा आग्रह कोणाचा, अंडे कोणाला चालत नाही, भांडी वेगळी हवीत काय, हे विचारण्यात संकोच नको. ते आधी न विचारल्यामुळे भर समुद्रात जी तोंडे फुगतात ती किनारा लागेपर्यंत उतरत नाहीत.

*मद्य.* होडी चालत असता कोणीही घेणार नाही, हे लेखी ठरवावे. नांगर टाकल्यानंतर काय, हे त्या होडीवरील सर्वांनी मिळून ठरवावे. एकाचाही विरोध असेल तर नाही.

*निद्रा.* घोरणाऱ्याने आधी कबूल करावे. कोणत्या कक्षात कोण, आणि कक्षाला आतून कडी आहे काय, हे महिलांनी संस्थेकडून लिहून घ्यावे. होडीवर आपण एकट्याच महिला असाल तर ते आधी कळण्याचा आग्रह धरावा आणि मन न घेतल्यास दुसरी तुकडी मागावी. अशी मागणी करणे यात अवाजवी काहीही नाही.

प्रकृतीविषयी : कोणाला सांगावे आणि किती

अपस्मार, हृदयविकार, दमा, इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर ते शिक्षकाला एकांतात, पण निश्चितपणे आणि निघण्यापूर्वी सांगावे. ते साऱ्या समूहासमोर उघड करण्याचे बंधन आपल्यावर नाही. मात्र ज्याच्याबरोबर आपण दोघांच्या होडीत बसणार आहात, त्याला औषध कोठे ठेवले आहे एवढे तरी ठाऊक असावे. बोट लागण्यावरील गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी व ती घरीच एकदा घेऊन पाहावी, कारण काहींना तिने इतकी सुस्ती येते की हातातला दोर सुटतो.

येथेच एका घातक प्रथेविषयी इशारा देतो. आधारपत्र, पारपत्र किंवा वैद्यकीय दाखले यांची छायाचित्रे समूहावर टाकण्यास काही आयोजक सांगतात. तसे करू नये. ती फक्त संस्थेकडे द्यावीत.

पैसा आणि कागद

सर्वांचे पैसे एकाने भरावयाचे आणि पावती त्याच्याच नावाची घ्यावयाची, हा आपला सार्वत्रिक परिपाठ पुढे तंट्यास कारण होतो. प्रत्येकाने स्वतःच्या नावाची पावती घ्यावी. वाटखर्चासाठी सामाईक तसलमात ठेवली असेल तर हिशेब रोजच्या रोज सर्वांस दाखवावा. मोडतोडीची अनामत असल्यास ती कोणाच्या चुकीने कापली जाईल आणि ती चूक कोण ठरवील, हे आधी विचारावे. सहीसाठी पुढे केलेले हमीपत्र वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, आणि त्याची प्रत मागून घ्यावी. अशा सहीने संस्थेच्या निष्काळजीपणाबद्दल जाब विचारण्याचा आपला हक्क आपोआप लुप्त होत नाही.

मन बसले नाही तर आपले हक्क कोणते?

- महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचे उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे, तसे २४ ऑगस्ट २०२१ च्या शासननिर्णयाने ठरले आहे. नोंदणीपत्र पाहावयास मागा.
- अंगास बसणारे जीवरक्षक जाकीट मिळाल्याशिवाय होडीत पाऊल ठेवण्यास नकार द्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीला मुंबई बंदरात झालेल्या अपघातानंतर तरी याविषयी कोणाची भीड धरू नये. सोबत्यांपैकी कोणी जाकिटावरून थट्टा करू लागला तर त्याच्या होडीत बसू नका.
- समुद्रावर संकट ओढवल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. तो होडीवरील प्रत्येकाजवळ असावा.
- सोबत्याचे किंवा शिक्षकाचे वर्तन असभ्य असेल, तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यातील कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडाशिक्षणाच्या संस्थाही येतात, आणि तक्रार करणारी महिला तेथे नोकरीस असलीच पाहिजे असे नाही. तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, आणि दहाहून कमी कर्मचारी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते.
- ठरलेली होडी, ठरलेला शिक्षक किंवा ठरलेली विद्यार्थिसंख्या मिळाली नाही, तर प्रथम त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी कुरकुरीला पुढे पुरावा राहत नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे.
- त्यानेही दाद न लागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फिर्याद दोन वर्षांच्या मुदतीत करावी लागते. संस्था मुंबईची, गोव्याची वा हैदराबादची असली तरी ती फिर्याद आपण राहता त्या नांदेडच्या किंवा लातूरच्या जिल्हा आयोगातच दाखल करता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तिला शुल्क पडत नाही.